हजार केवढा असतो?

परवा आमच्या वस्तीतल्या अंगणवाडीत खाऊवाटपाला गेले होते. साडेचार वर्षांच्या एका चिमुरड्यानं मला एका दमात एक ते शंभर आकडे म्हणून दाखवले. त्याची आई दारातच उभी होती. तिचा चेहरा कौतुकानं फुलला होता. मी त्याला म्हटलं, बाळा, मला त्यातल्या सात वाट्या दे बघू. त्यानं एकेका वाटीवर बोट ठेवत सातपर्यंत मोजलं, अगदी बरोबर मोजलं, आणि सातवी वाटी उचलून माझ्या हातात दिली. एकच वाटी. त्याच्या दृष्टीनं 'सात' हे त्या वाटीचं नाव होतं, जसं त्याचं स्वतःचं एक नाव आहे तसं.

त्याची आई ओशाळली. मला मात्र त्या पोराचं वाईट वाटलं नाही, स्वतःचंच हसू आलं. मीसुद्धा पाढे घडाघडा म्हणून पास झालेली मुलगी. हातचा एक का घ्यायचा, तो येतो कुठून, हे मला शाळेत कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. दहावीनंतर गणिताला रामराम ठोकला आणि कला शाखेत गेले. मैत्रिणींनो, तुमच्यापैकी किती जणींची हीच कहाणी असेल!

शंभर म्हणता येणं आणि शंभर कळणं यात मोठं अंतर आहे. ते अंतर मुलांना हाताला धरून पार करून देणारी एक बाई शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इटलीत होऊन गेली. तिचं नाव आपल्याकडे तालुक्याच्या गावातही दिसतं, बालवाड्यांच्या पाट्यांवर. मॉन्टेसरी. पुष्कळांना तर ते एखाद्या पद्धतीचं किंवा कंपनीचं नाव वाटतं. ते एका बाईचं आडनाव आहे, आणि त्या बाईचं आयुष्य आपण समजून घ्यावं असं आहे.

मारिया मॉन्टेसरीचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतल्या कियारावाले या लहानशा गावी झाला. वडील सरकारी नोकरीत, हिशेबठिशेबाच्या खात्यात. आई वाचनवेडी. मारिया त्यांची एकुलती एक लेक. ती पाच वर्षांची असताना कुटुंब रोमला आलं. तिला गणिताची भारी गोडी. पुढे शिकायची वेळ आली तेव्हा तिनं चक्क तांत्रिक शाळेत नाव घातलं. त्या काळी तिथं मुलगेच जायचे. मुलीनं शिकायचंच असेल तर शिक्षिका व्हावं, ही वडिलांची इच्छा. लेकीला तेवढं एकच नको होतं! आधी इंजिनियर व्हायचं तिच्या मनात होतं. मग तिनं ठरवलं, डॉक्टर व्हायचं. आई पाठीशी उभी राहिली. गंमत बघा, जिला शिक्षिका व्हायचं नव्हतं, तिच्याच नावानं आज जगभर शाळा चालतात.

वैद्यकीय शिक्षण म्हणजे काय परीक्षा होती! पुरुषांच्या बरोबरीनं उघड्या मृतदेहाजवळ मुलीनं उभं राहणं असभ्य मानलं जाई. त्यामुळे सगळे विद्यार्थी निघून गेल्यावर, एकटीनं, तिला शवविच्छेदन करावं लागे. १८९६ साली ती डॉक्टर झाली. इटलीतल्या अगदी पहिल्या काही स्त्री-डॉक्टरांपैकी ती एक. त्याच वर्षी बर्लिनला महिलांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथं तिनं इटलीच्या वतीनं भाषण केलं, आणि मागणी काय केली? समान कामाला समान मजुरी. आपल्याकडे शेतावरच्या बायांच्या मजुरीचा विषय निघाला की मला हे हटकून आठवतं.

आता मात्र तिला 'त्या' म्हणायला हवं. डॉक्टर झालेल्या मारियाबाई रोमच्या विद्यापीठाच्या मानसोपचार विभागात काम करू लागल्या. त्यासाठी त्यांना वेड्यांच्या इस्पितळांत जावं लागे. तिथं मोठ्या रुग्णांच्या बरोबरीनं मंदबुद्धी म्हणून टाकून दिलेली मुलंही कोंडलेली असत. रिकाम्या खोलीत ती मुलं जेवणानंतर जमिनीवर सांडलेले पावाचे तुकडे चिवडत बसायची. सांभाळणारी बाई नाक मुरडायची, काय ही हावरट कार्टी! मारियाबाईंना त्यात वेगळंच दिसलं. त्या खोलीत हातात धरायला दुसरी वस्तूच नव्हती. पोटाची नव्हे, मुलांच्या हातांची उपासमार चालली होती.

मग त्यांनी इतार आणि सेगँ या दोन जुन्या फ्रेंच डॉक्टरांची पुस्तकं धुंडाळून काढली. अशा मुलांना हात, डोळे, कान यांच्यामार्फत शिकवायचे प्रयोग या दोघांनी आधी केले होते. १९०० साली रोममध्ये अशा मुलांसाठी शाळा निघाली आणि मारियाबाई तिच्या दोन संचालकांपैकी एक झाल्या. तिथली काही मुलं चक्क नेहमीच्या मुलांच्या परीक्षेला बसून वाचन-लेखनात उत्तीर्ण झाली. सगळीकडे कौतुक झालं. बाई मात्र विचारात पडल्या. आपली ही दुबळी मुलं जर धडधाकट मुलांच्या बरोबरीला येतात, तर त्या धडधाकट मुलांना शाळेत नेमकं काय शिकवतात?

इथं त्यांच्या आयुष्यातली दुखरी गोष्ट सांगायला हवी. शाळेचे दुसरे संचालक डॉ. मोंतेसानो आणि मारियाबाई यांचं एकमेकांवर प्रेम होतं. ३१ मार्च १८९८ रोजी त्यांना मुलगा झाला. नाव मारियो. लग्न झालेलं नव्हतं. लग्न केलं तर त्या काळच्या रीतीनं बाईला कामावर पाणी सोडावं लागणार, आणि मूल आपलं म्हणून सांगितलं तर नावही जाणार आणि कामही. मूल खेड्यातल्या एका कुटुंबाकडे सांभाळायला दिलं गेलं. पुढे मोंतेसानोंनी दुसऱ्या बाईशी लग्न केलं. मारियाबाई १९०१ मध्ये ती शाळा सोडून बाहेर पडल्या. आई अधूनमधून मुलाला भेटायला जाई, पण आपण कोण हे न सांगता. यात चूक कुणाची हे ठरवायला मी बसलेली नाही. बाप आपल्या नोकरीत राहिला, संसारही थाटला, किंमत आईनं आणि लेकरानं मोजली, एवढं मात्र आपल्याला लगेच कळतं.

नंतरची काही वर्षं त्या पुन्हा विद्यार्थिनी झाल्या, मग विद्यापीठात शिकवू लागल्या. आणि १९०७ साल उजाडलं.

रोममध्ये सान लोरेन्झो नावाची गरीब कामकऱ्यांची वस्ती होती. एका बांधकाम संस्थेनं तिथल्या चाळींची डागडुजी केली. पण आईबाप दोघंही कामाला गेले की लहान पोरं जिन्यात हुंदडायची, भिंती खराब करायची. भिंती वाचवायच्या म्हणून संस्थेनं पोरांसाठी एक खोली दिली आणि मारियाबाईंना बोलावलं. ६ जानेवारी १९०७ रोजी तिथं पहिलं 'बालकांचं घर' सुरू झालं. साधारण तीन ते सहा वर्षांची पन्नासेक मुलं. आयांना पैसे पडत नव्हते. त्यांच्याकडून अपेक्षा एवढीच, की मुलाला स्वच्छ करून पाठवायचं आणि बाईंशी येऊन बोलायचं. आज ज्या नावासाठी काही ठिकाणी भरमसाट फी मोजावी लागते, त्याची सुरुवात अशी चाळीतल्या फुकट खोलीत झाली.

त्या खोलीत गणित कसं शिकवलं जाई, ते मला तुम्हाला मुद्दाम सांगायचंय.

मारियाबाईंचं म्हणणं होतं, की तीन वर्षांचं मूल घरातूनच दोन-तीनपर्यंतचं मोजणं शिकून येतं, आणि ते त्याला आई शिकवते. आई म्हणते, तुझ्या कपड्याची दोन बटणं तुटलीत. आई म्हणते, जेवायला अजून तीन ताटल्या लागतील. हे झालं गणिताचं पहिलं पुस्तक! स्वयंपाकघरात आपण दिवसभर जे बोलतो ते. त्यानंतर त्या मुलांना नाणी देत. एक, दोन आणि चार सेंतेसिमींची, म्हणजे आपल्या पैशांसारखी. मोड करणं, सुटे देणं यात मुलं रंगून जात आणि खेळता खेळता दहापर्यंत पोचत.

मग येत लांब दांड्या. लाकडाच्या दहा दांड्या. सर्वांत लहान दहा सेंटिमीटरची, त्यापुढची वीस, असं करत दहावी पुरी एक मीटरची. प्रत्येक दांडीवर दहा-दहा सेंटिमीटरचे लाल-निळे पट्टे आलटूनपालटून रंगवलेले. या दांड्या कशासाठी? आठवा तो सातव्या वाटीवाला मुलगा. सुटे मणी किंवा सुट्या वाट्या मोजताना मुलाला वाटतं, की हा एक, हा दोन, हा सात. पण सात पट्ट्यांची दांडी ही एकच अखंड वस्तू. ती उचलली की सात सगळेच्या सगळे हातात येतात. सहाची दांडी तिच्याशेजारी ठेवली की कोण मोठं, केवढ्यानं मोठं, हे डोळ्यांना दिसतं. बरं, नऊच्या पुढं एकची दांडी ठेवली की दहाएवढी लांबी होते. आठला दोन, सातला तीन, सहाला चार. मग उरते पाचाची. ती एकदा ठेवायची आणि तिथूनच पुढे उलटून पुन्हा ठेवायची, झाले दहा! बेरीज, वजाबाकी, दुप्पट, सगळं तिथंच आलं, आणि पाटीवर अजून एक रेघही ओढलेली नाही.

आकड्यांची ओळख वेगळ्या वाटेनं. खरखरीत कागदाचे म्हणजे पॉलिशपेपरचे आकडे कापून पाटीवर चिकटवलेले. मुलानं त्यावरून बोट फिरवायचं, लिहिताना फिरवतात तसं, आणि तोंडानं नाव म्हणायचं. म्हणजे बघा, सात ही एकच गोष्ट मुलाला तीन रूपांत भेटली. हातातली दांडी, कानावर पडलेला शब्द आणि बोटाखालचा आकडा. या तिघांची गाठ पडली की सात कळला. आपण घरी बहुतेकदा मधली एकच गोष्ट करून घेतो, शब्दाची.

आणि शून्य? मला सगळ्यांत आवडतो तो शून्याचा धडा. एका लाकडी पेटीत दहा कप्पे, शून्य ते नऊ. मुलानं प्रत्येक कप्प्यात आकड्याइतक्या काड्या ठेवायच्या. एकूण काड्या पंचेचाळीस. शून्याच्या कप्प्यात काय ठेवायचं? काही नाही. पण कप्पा मात्र आहे, त्याच्यावर आकडाही आहे. मारियाबाई मुलांशी एक खेळ खेळत. एखाद्या पोराला सांगत, ये रे, शून्य वेळा माझ्याकडे ये. पोर धावतच येई. त्या म्हणत, तू तर एकदा आलास, मी शून्य वेळा बोलावलं होतं. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडे, की आपण हलायचंच नव्हतं. पुढच्या वेळी सगळी मुलं खुर्चीला गच्च धरून खुदुखुदू हसत बसत. दुसरा एक खेळ चिठ्ठ्यांचा. चिठ्ठीत जो आकडा निघेल तेवढ्या वस्तू उचलून आणायच्या. ज्याला शून्य निघे त्यानं जागेवर बसून इतरांची धावपळ बघायची. लहान मुलाला हे किती अवघड! ती मुलं ते निमूट पार पाडत, आणि मारियाबाईंना त्याचं फार कौतुक वाटे.

पुढच्या वर्षांत त्यांनी सोनेरी मणी केले. एक सुटा मणी म्हणजे एक. तारेत ओवलेले दहा मणी म्हणजे दहाची काडी. अशा दहा काड्या शेजारी शेजारी जोडल्या की चौकोन, तो शंभर. असे दहा चौकोन एकावर एक रचले की ठोकळा, तो हजार. चार-पाच वर्षांचं मूल तो ठोकळा दोन्ही हातांनी उचलतं. एका मण्याला वजन ते काय, आणि हजाराला केवढं! हजार हा तीन शून्यं लावलेला एक नसतो, तो जड असतो, हे त्याच्या मनगटाला कळतं.

त्याच्याबरोबर आकड्यांच्या पट्ट्या. एककांचा रंग हिरवा, दशकांचा निळा, शतकांचा लाल, आणि हजाराला पुन्हा हिरवा. १००० ची पट्टी लांब, १०० ची तिच्याहून आखूड, मग १०, मग १. समजा मुलानं दोन ठोकळे, तीन चौकोन, चार काड्या आणि पाच मणी आणले. त्यानं २०००, ३००, ४० आणि ५ या पट्ट्या काढायच्या आणि उजवी कड जुळवून एकावर एक ठेवायच्या. शून्यं झाकली जातात आणि वर दिसतं २३४५. लहानपणी मला कुणी हे दाखवलं असतं तर! २३४५ मधला ३ हा तीन नसून तीनशे आहे, तो तीनशेपणा फक्त पट्टीखाली लपलाय, हे मला पंचविशी उलटल्यावर स्वतःच्या मुलाचा अभ्यास घेताना उमगलं.

हातचा कसा समजावायचा? त्यासाठी बँकेचा खेळ. एक मूल बँकवाला. कुणाकडे सुटे दहा मणी जमले की बँकेत जायचं आणि दहाची एक काडी घेऊन यायचं. हीच ती हातच्याची गोष्ट. तो कुठून आकाशातून पडत नाही, मूल स्वतः चालत जाऊन बदलून आणतं. आणि हे सगळं मुरल्यावर सारख्याच आकाराचे छोटे चौकोनी तुकडे येतात. कुणावर १, कुणावर १०, कुणावर १००, कुणावर १००० लिहिलेलं. आता हजाराचा तुकडा एकाच्या तुकड्याहून मोठा नाही की जड नाही. फक्त लिहिलेलं वेगळं. मूल गडबडत नाही, कारण जडपणा त्यानं आधी अनुभवलेला असतो. आपल्या नोटांचंही तसंच नाही का? शंभराची एक नोट आणि दहाच्या दहा नोटा यांची किंमत सारखीच, पण लहान पोराला विचारा, ते दहा नोटाच घेईल. त्याची चूक नाही. कागदाच्या एका तुकड्यात दहा कागद मावतात, हे त्याला अजून कुणी दाखवलेलं नसतं.

आपल्या मराठीत तर आणखी एक अडचण. तेवीस म्हणताना आधी तीन ऐकू येतात आणि लिहिताना आधी दोन. एकोणतीस म्हटलं की तीस कानावर येतात आणि पाटीवर तीन कुठंच नसतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस तीन' असं वाचायची सोय आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! कुणी त्याला भाषेचा अपमान म्हटलं, कुणी मुलांची सोय म्हटलं. अडचण जगभरची आहे. इटालियन भाषेतही अकरा ते सोळा हे शब्द ऐकून दहा आणि एक, दहा आणि दोन असं चटकन कळत नाही. मारियाबाईंनी शब्दाला हात लावला नाही. त्यांनी मुलासमोर दहाची एक काडी आणि एक सुटा मणी ठेवला आणि सांगितलं, याला अकरा म्हणतात. शब्द कसाही असो, वस्तू समोर असली की मूल वाट काढतं.

१९०९ मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि जगभरातून माणसं ती चाळीतली शाळा बघायला येऊ लागली. १९१२ च्या अखेरीस त्यांची आई वारली. त्यानंतर थोड्याच काळात, मारियो पंधरा वर्षांचा असताना, तो त्यांच्याकडे राहायला आला. जगासमोर मात्र तो कधी नात्यातला मुलगा, कधी दत्तक घेतलेला. पुढे तोच त्यांचा उजवा हात झाला. दोघांनी मिळून १९२९ मध्ये आंतरराष्ट्रीय मॉन्टेसरी संस्था स्थापन केली. १९३४ मध्ये मारियाबाईंचं 'मानसगणित' या विषयावरचं जाडजूड पुस्तक स्पेनमधल्या बार्सिलोनाला निघालं.

एक गोष्ट लपवून चालणार नाही. इटलीत मुसोलिनीची हुकूमशाही आली तेव्हा सुरुवातीला त्यानं या शाळांना पाठिंबा दिला आणि बाईंनी तो घेतला. पुढे मात्र त्याला शाळांतून आपल्या तालावर चालणारी मुलं हवी झाली. तिथं दोघांचं फाटलं. १९३४ मध्ये मारियाबाई इटलीतून बाहेर पडल्या. स्पेनमध्ये गेल्या तर १९३६ मध्ये तिथं यादवी युद्ध पेटलं. मग हॉलंड. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी पुन्हा नवं बिऱ्हाड.

आणि १९३९ च्या अखेरीस त्या आल्या भारतात, मद्रासला. अड्यारच्या थिऑसॉफिकल सोसायटीनं बोलावलं होतं. पहिल्याच प्रशिक्षणवर्गाला तीनशेच्या वर शिक्षक जमले. त्या इटालियनमध्ये बोलत, मारियो इंग्रजीत सांगे. थोडे महिने राहून परतायचं ठरलं होतं. पण जून १९४० मध्ये इटली महायुद्धात उतरला आणि इंग्रज सरकारच्या लेखी मायलेक एका रात्रीत शत्रूराष्ट्राचे नागरिक झाले. मारियोला अटक झाली आणि त्याला आणून ठेवलं कुठं, तर आपल्या नगरला, आजच्या अहिल्यानगरला, तिथल्या छावणीत. आईला अड्यारच्या आवाराबाहेर जायची बंदी.

३१ ऑगस्ट १९४० रोजी मारियाबाईंना सत्तर वर्षं पूर्ण झाली. त्या दिवशी व्हाइसरॉयची तार आली. मतलब असा, की सत्तराव्या वाढदिवसाला काय भेट द्यावी याचा आम्ही विचार केला, आणि तुमचा मुलगा तुम्हाला परत करावा असं ठरवलं. तारेत शब्द 'मुलगा' असाच होता. मारियो तेव्हा बेचाळीस वर्षांचा होता. जे नातं इतकी वर्षं झाकलेलं होतं, ते असं सरकारी तारेत उघड लिहून आलं. मला त्या शून्याच्या कप्प्याची आठवण येते. मुलगा खेड्यात वाढत होता ती सगळी वर्षं या बाईनं मनात एक कप्पा रिकामा का होईना, पण राखून ठेवला असणार.

युद्धाची वर्षं मायलेकांनी मद्रास आणि कोडाईकनालला काढली. भारतात असताना त्यांनी हजारच्या वर शिक्षकांना तयार केलं असं म्हणतात. १९४६ मध्ये त्या युरोपला परतल्या, लगेच पुढच्या वर्षी पुन्हा भारतात आल्या, आणि १९४९ मध्ये कायमच्या गेल्या. ६ मे १९५२ रोजी हॉलंडमध्ये समुद्रकाठच्या नोर्डवाइक गावी त्यांनी डोळे मिटले.

त्या आपल्याकडे येण्याआधीच त्यांचे विचार इथं पोचले होते. भावनगरला गिजुभाई बधेका आणि आपल्या ताराबाई मोडक यांनी ते उचलले होते. दोघांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला. पण ताराबाईंनी एक मोठी गोष्ट केली. महागडी साधनं खेड्यात कुठून येणार? १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघांच्या साथीनं, त्यांनी बिया, खडे, शिंपले, पानं हीच साधनं केली. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. आपली 'अंगणवाडी' ती हीच. सोनेरी मण्यांची जागा चिंचोक्यांनी घेतली, आणि गणित तेच राहिलं.

म्हणून मैत्रिणींनो, पाटीवर मॉन्टेसरी लिहिलंय म्हणून हुरळून जाऊ नका आणि फी परवडत नाही म्हणून खंतावूही नका. मुलाच्या हातात काय आहे ते बघा. मी त्या अंगणवाडीतल्या आईला झाडूच्या हिरांच्या सारख्या लांबीच्या काड्या करायला सांगितल्या. दहा झाल्या की रबर लावून जुडी. दहा जुड्या झाल्या की दोरीनं बांधून मोळी. जेवायला बसताना ताटं पोरालाच मांडू दे, कमी पडलं तर त्यालाच सांगू दे किती कमी ते. ती म्हणाली, ताई, माझी शाळा चौथीत सुटली, मला कुठं गणित येतंय? मी तिला विचारलं, दुधाचा हिशेब कोण ठेवतं, भिशीचे पैसे कोण मोजतं? ती हसली. आठवड्यानं गेले तर पोरगं तीन जुड्या आणि चार काड्या घेऊन माझ्यासमोर उभं. म्हणालं, हे चौतीस. सगळे.

शेवटी एक सांगते. ज्या इटलीनं एके काळी त्यांच्या शाळांना कुलपं लावली, त्याच इटलीनं १९९० मध्ये आपल्या एका नोटेवर मारिया मॉन्टेसरींचा चेहरा छापला. २००२ मध्ये युरो येईपर्यंत ती नोट बाजारहाटात लोकांच्या हातांतून फिरत होती. नोट कितीची होती माहीत आहे? एक हजार लिरांची.